जुनी आर-१५ घेतली, गरम झाली की बंद पडते. इंजिन उघडू का?

कृष्णाकाठ (सातारा)

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

गेल्या रविवारी पुण्यातून यामाहा आर-१५ घेतली. व्हर्जन टू, २०१३चं मॉडेल, निळी. मीटरवर ३८,४०० किलोमीटर. ५२ हजारांवर सौदा ठरला. ही व्हर्जन टू २०११ साली आली तेव्हा मी अकरावीत होतो, तेव्हापासून डोळ्यांत भरलेली गाडी आहे. नवी परवडली नाही, आता जुनी घेतली.

विकणाऱ्याच्या दारात एका सेल्फला चालू झाली. गल्लीत दोन चकरा मारल्या, खोट दिसली नाही. कात्रजच्या बोगद्यापर्यंत लोण्यासारखी आली. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत दहा मिनिटं थांबलो, तिथून स्लो (रेस न देता इंजिन फिरतं ती गती) खाली जायला लागला. शिरवळच्या पुढे मिसिंग (इंजिन अडखळणं) सुरू. खंबाटकी घाट चढताना बंदच पडली. मीटरचे दिवे मिणमिणते, सेल्फ मारला तर नुसतं ‘टक’. ट्रक अंगावरून जातायत आणि मी एकशेचाळीस किलोची गाडी कडेला ढकलतोय. पंचवीस मिनिटांनी चालू झाली. साताऱ्यात पोचेपर्यंत अजून दोनदा बंद.

बाकीच्या तक्रारी: रेडिएटरचा पंखा फिरतो, पण म्हाताऱ्यासारखा. सकाळी थंड इंजिनला डाव्या बाजूने टिक-टिक येते. ताशी ४०ला एकाच वेगात चालवली की हिसके देते. आणि ७०च्या पुढे हँडल थरथरतं.

इथल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी दोन मिनिटं रेस करून ऐकली आणि म्हणाले पिस्टन पकडतोय, ब्लॉक-पिस्टन बदला, २० हजार धरून चाला. घरी अजून सांगितलेलं नाही. इंजिन उघडू का? प्लीज सांगा, झोप लागत नाहीये.

राधा_ठाणे

आधी एक करा. त्या गॅरेजला ‘नंतर येतो’ म्हणून सांगा आणि गाडी घरी आणा.

माझी व्हर्जन टू २०१२ची आहे, ७१ हजार झाले, इंजिन अजून उघडलेलं नाही. या इंजिनाचा सिलिंडर डायासिल आहे, म्हणजे सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनिअमचा. त्यात लोखंडी लायनर नाही. जुन्या गाड्यांसारखं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येत नाही, खराब झाला तर अख्खा ब्लॉक बदलावा लागतो. म्हणून तर २० हजार सांगतात. आणि म्हणूनच खात्री झाल्याशिवाय उघडायचं नाही.

आता तुमच्याच शब्दांत बघा. बंद पडताना मीटरचे दिवे मिणमिणते झाले, सेल्फ ‘टक’ करून थांबला. पिस्टन पकडला तर चाक घासत गाडी अडते, पण दिवे कशाला मंद होतील? दिव्यांचा आणि पिस्टनचा काय संबंध?

तीन गोष्टी सांगा. बंद पडायच्या आधी गाडी हळूहळू दम सोडते की झटक्यात जाते? किल्ली फिरवल्यावर टाकीखालून पंपाचा ‘झूं’ आवाज येतो का, आणि गरम असताना तो बारीक होतो का? तापमानाचा दिवा लागला होता का?

पेट्रोलवेडा_नाशिक

मला इंधनाची शंका येते. टाकीच्या झाकणाचा श्वास बुजला की आत निर्वात तयार होतो, पेट्रोल ओढलं जात नाही आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी अशीच दम टाकते. परीक्षा सोपी आहे: बंद पडली की लगेच झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी चालू झाली तर रोग सापडला. नसेल तर पंपाची जाळी बघा. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज असतोच. झाकणातून टॉर्च मारून बघा.

कृष्णाकाठ

राधाताई, हळूहळू दम सोडते. आधी पिकअप जातो, मग फटफट, मग बंद. पंपाचा आवाज सकाळी खणखणीत असतो, गरम झाल्यावर खरंच बारीक होतो, हे मी आज तुम्ही विचारलंत म्हणून ऐकलं. तापमानाचा दिवा एकदाच लागला, घाटात.

पेट्रोलवेडा, आज झाकण उघडं टाकून अंगणात उभी चालू ठेवली. ३५ मिनिटांनी तशीच दमली. टाकी आतून स्वच्छ आहे, तळ चकचकीत दिसतो.

वायरमन_सर (आयटीआयला शिकवतो)

पंप बारीक, पंखा बारीक, दिवे बारीक, सेल्फ बारीक. चार वेगवेगळ्या वस्तू एकदम म्हाताऱ्या होत नाहीत. चौघांना मिळून एकच गोष्ट कमी पडतेय.

बाजारातून साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, तीन-चारशेत मिळतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि पिना थेट बॅटरीच्या टोकांवर लावा, वायरींवर नाही. पाच आकडे लिहून द्या.

१. रात्रभर उभ्या गाडीचे, किल्ली बंद. चांगली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते.
२. सेल्फ मारताना आकडा किती खाली जातो. १०च्या खाली गेला तर बॅटरी संशयित.
३. चालू झाल्या झाल्या स्लोवर.
४. हेडलाइट लावून ५,००० आरपीएमला. इथे १४च्या आसपास हवा. १५च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा) बिघडलाय, बॅटरी उकळेल.
५. चौथाच आकडा पुन्हा, पण गाडी अर्धा तास तापल्यावर.

पाचवा चुकवू नका. गरम झाल्यावर होणारा आजार थंड गाडीत मोजून सापडत नाही. बहुतेक ठिकाणी सकाळी गाडी नेतात, मेकॅनिक मोजतो, १४ येतात, ‘चार्जिंग ओके’ म्हणतो आणि गिऱ्हाईक संध्याकाळी परत रस्त्यावर.

मिस्त्री_कोल्हापूर

मी ३४ वर्षं गाड्या केल्या, आता हात थरथरतात म्हणून पोरगा बघतो. बाळा, सर सांगतात ते कर. मी बाकीचं सांगतो.

सकाळी इंजिन गार असताना तीन जागा बघ. इंजिन ऑइल: काळं असलं तर चालेल, दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी आत जातंय. मग रेडिएटरचं झाकण, गार असतानाच बरं का, गरम असताना उघडलंस तर तोंड भाजेल. कूलंटचा रंग सांग. हिरवा-निळा असेल तर ठीक, लाल मातीसारखा असेल तर आधीच्याने नळाचं पाणी भरलंय. मग गाडी चालू करून कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येतात का बघ. ऑइल स्वच्छ आणि बुडबुडे नाहीत म्हणजे हेड गास्केट शाबूत.

टिक-टिकीचं: लांब स्क्रू ड्रायव्हर घे, टोक हेडवर (इंजिनच्या वरच्या भागावर) टेकव, मूठ कानाला लाव. टॅपेटचा (वाल्व उघडणाऱ्या भागाचा) आवाज हेडवर, वरच्या बाजूला, क्रँकच्या निम्म्या गतीने येतो. म्हणजे क्रँक दोनदा फिरला की एक टिक. टायमिंग चेनचा आवाज साखळी घासल्यासारखा, बाजूच्या कव्हरवर. खालून जड ‘ठक-ठक’ आला आणि लोड दिल्यावर वाढला तरच घाबरायचं. गरम झाल्यावर टिक-टिक कमी होते का?

आणि एक ध्यानात ठेव. आवाज करणारा टॅपेट बरा. गप बसलेला टॅपेट वाईट, कारण तो घट्ट झालेला असतो, वाल्व पूर्ण बसत नाही आणि जळून जातो.

कृष्णाकाठ

काका, सगळं केलं. ऑइल काळं पण स्वच्छ, दूध नाही. बुडबुडे नाहीत. कूलंट मात्र तुम्ही म्हणालात तसंच, विटेच्या पाण्यासारखं. टिक-टिक वर हेडवरच आहे आणि दहा मिनिटांत जवळजवळ जाते.

सर, आकडे:

१. १२.४
२. ९.९
३. १३.८
४. १४.०
५. ११.८ !!

पाचवा तीनदा मोजला. २० मिनिटांपर्यंत १३च्या वर होता, मग डोळ्यांदेखत उतरत गेला. ११.८ला पंखा लागला आणि ११.५ झाला. तेवढ्यात इंजिन फटफटायला लागलं.

राधा_ठाणे

बघा! पिस्टन पकडतोय म्हणे.

वायरमन_सर

छान मोजलंत. म्हणजे गाडी गरम झाल्यावर बॅटरीवर चालतेय, मॅग्नेटवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) नाही. बॅटरी लहान आहे. पंप, इंजेक्टर, कॉइल, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), हेडलाइट, पंखा सगळे तिलाच खातात. व्होल्ट पडले की पंप दाब धरत नाही, मिश्रण पातळ होतं, पंखा वारा देत नाही, इंजिन अजून तापतं. तुमची ‘हिट होते’ आणि ‘बंद पडते’ ही एकाच माळेतली मणी आहेत.

आता तीन संशयित आहेत: मॅग्नेटची कॉइल, रेग्युलेटर आणि मधली वायरिंग. नवा रेग्युलेटर विकत घ्यायची घाई करू नका, आधी हे मोजा.

कॉइल: मॅग्नेटमधून एकाच रंगाच्या तीन वायरी बाहेर येतात. कनेक्टर सुटा करा, मीटर एसीवर ठेवा, गाडी ५,०००ला धरा आणि वायरी जोडीजोडीने मोजा. तिन्ही जोड्यांचा आकडा जवळपास सारखा हवा. एक जोडी कमी आली तर कॉइल गेली. मग गाडी बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांत कंटिन्युइटी बघा. ‘बीप’ वाजता कामा नये. हे सगळं गरम इंजिनावर.

वायरिंग: हे कोणी करत नाही. कनेक्टर परत जोडा, गाडी चालू, हेडलाइट लावा. लाल पिन रेग्युलेटरच्या प्लस वायरीला, काळी पिन बॅटरीच्या प्लसला. दोन्ही प्लसच आहेत, म्हणून आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत जळतायत. अर्थिंगच्या बाजूलाही तसंच करा.

पेट्रोलवेडा_नाशिक

माझी शंका चुकली, मान्य. पण जाळी एकदा बघाच, १० वर्षांहून जुनी गाडी आहे.

आरटीओ_मित्र

यांत्रिक चर्चेत मध्येच येतो, माफ करा. कागद झाले का? मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३०वर दोघांच्या सह्या घेतल्यात ना? गाडी दुसऱ्या आरटीओची आहे, तर एनओसी (ना-हरकत दाखला) लागल्यास फॉर्म २८. कर्ज असेल तर फॉर्म ३५. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. चासी नंबर हँडलच्या मानेवर असतो, आरसीशी अक्षर न् अक्षर पडताळा. गाडी नीट झाल्यावर बघू म्हणून कागद लांबवू नका. तोवर विकणारा फोन उचलेनासा होतो.

कृष्णाकाठ

कागद दिलेत मित्रा, चासी नंबर जुळतो, आजच बघितला. धन्यवाद, हे खरंच राहून गेलं असतं.

सर, सापडलं. सविस्तर लिहितो, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

कॉइल: ४८, ४९, ४८. बॉडीशी बीप नाही. कॉइल ठणठणीत.

मग प्लस ते प्लस. थंड असताना ०.४. तापल्यावर १.९! माझा विश्वास बसेना, पिना बदलून पुन्हा लावल्या, तेच. उजवी फेअरिंग (बाजूचं प्लास्टिकचं आवरण) उतरवली आणि वायरीवरून बोट फिरवत गेलो. एका जागी वायर कडक लागली. बाकी वायर मऊ होती, तिथे मात्र वाळलेल्या वेलीसारखी. इन्सुलेशन टेपचा गोळा होता, टेप चिकट काळी झालेली. सोडवली तर आत मोठ्या हॉर्नसाठी मूळ प्लस वायर चाकूने सोलून दुसरी वायर नुसती पिळून गुंडाळलेली. सोल्डर नाही, काही नाही. तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, निम्म्या तुटलेल्या. तिथून चार बोटांवर रेग्युलेटरचा कनेक्टर. तो मूळचा पांढरा, आता चॉकलेटी. एक पिन प्लास्टिक वितळून त्यातच रुतलेली. नाकाजवळ नेला तर जळक्या स्विचबोर्डाचा वास.

हॉर्न आता गाडीवर नाहीये. विकणाऱ्याने काढून घेतला असणार आणि जखम तशीच टेपमध्ये बांधून दिली.

मिस्त्री_कोल्हापूर

कनेक्टर साफ करून परत लावू नकोस. एकदा तापलेल्या पिनेचा ताण जातो, ती परत घट्ट धरत नाही. नवा कनेक्टर, नव्या पिना, चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून. वायर दोन्ही बाजूंनी चकचकीत तांबं लागेपर्यंत काप, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा घाल, वर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी). मधे फ्यूज कितीचा आहे तेही बघ, हॉर्नवाल्यांनी जाड टाकलेला असतो.

कृष्णाकाठ

फ्यूजच्या जागी तार होती काका. अंगावर काटा आला.

कनेक्टर आणि पिना साताऱ्यात मिळाल्या नाहीत, शनिवारी पुण्यात नाना पेठेतून आणल्या. सगळे मिळून १८० रुपये. बरोबर योग्य अँपिअरचा फ्यूज. क्रिम्पिंगची पकड मावसभावाच्या ऑफिसातून उसनी आणली. कूलंट काढून डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुतलं, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ निघालं, मग तयार कूलंट भरलं.

रविवारी अंगणात ५० मिनिटं चालू ठेवली. हेडलाइट लावून, पंखा चालू असताना: १३.९. प्लस ते प्लस: ०.०८. पंखा लागला की असा वारा मारतो की पायाला झळ बसते. पेट्रोलवेडा, पंपाची जाळीही बघितली, स्वच्छ होती.

पण ताशी ४०चे हिसके अजून आहेत. आणि हँडलची थरथर.

राधा_ठाणे

हिसके इंजिनातूनच येतायत हे कशावरून? त्याच वेगात क्लच दाबून आरपीएम तेवढेच धरा. सुई स्थिर राहिली आणि हिसका गेला तर इंजिन बोलत नाहीये, चेन बोलतेय.

माझ्या गाडीला असंच झालं होतं. दोन प्लग आणि एक एअर फिल्टर बदलून बसले, मग कळलं. मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचला, खालच्या बाजूने चेनचा ढिलेपणा मोजा, चाक थोडं फिरवा, परत मोजा. पाच-सहा जागी. आकडा सगळीकडे सारखा नसेल तर चेन एका जागी ताणली गेलीय.

मिस्त्री_कोल्हापूर

थरथरीसाठी आधी टायर बघ. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मग कोन सेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग). पुढचं चाक उचलायला इंजिनखाली जॅक लाव. हँडल एका बोटाने हळू डावीकडून उजवीकडे ने. मधोमध, सरळ जागी, खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कपात गोळ्यांनी खड्डे पाडलेत. घट्ट करून भागत नाही, सेट बदलायचा. आणि चाक धरून पुढे-मागे हलव, मानेत ‘टक’ लागतो का बघ.

कृष्णाकाठ

क्लच दाबला की हिसका गायब, सुई जागची हलत नाही. चेन: एका जागी १८ मिलिमीटर, अर्ध्या फेरीनंतर ४४. मागच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेले. पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट बदलला.

पुढच्या टायरवर ३४१५. म्हणजे २०१५चा. रबर नखाने दाबत नाही, दगड झालाय. हँडल मधोमध खाचेत बसतं, अगदी बोटाला कळतं. मी आठ दिवस हीच गाडी हात सोडून चालवायचा प्रयत्न करत होतो थरथर बघायला. आता विचार करूनही घाम फुटतो.

वायरमन_सर

हात सोडून चालवायची परीक्षा कधीच करू नका. मनापासून सांगतो.

कृष्णाकाठ

नाही सर, कबूल.

काल नवा टायर चढवला आणि पुण्याला जाऊन आलो. मल्टिमीटरच्या वायरी हँडलला टेपने बांधून आकडा समोर ठेवला होता. परतीला त्याच खेड शिवापूरच्या रांगेत पंधरा मिनिटं अडकलो, ऊन भर दुपारचं. पंखा तीनदा लागला आणि तीनदा आपोआप थांबला. आकडा १३.७च्या खाली गेला नाही. घाटात मागच्या वेळी गाडी ढकलली त्याच वळणावर मुद्दाम कडेला थांबवली, बंद केली, परत सेल्फ मारला. एका झटक्यात चालू.

आतापर्यंतचा खर्च: कनेक्टर-फ्यूज, कूलंट, मल्टिमीटर, चेन सेट, टायर धरून ७ हजारांच्या आत. संध्याकाळी आईला सगळं सांगितलं, २० हजारांच्या गोष्टीसकट.

काका, कोन सेट आणि टॅपेट राहिलेत. टॅपेट गार इंजिनावरच मोजायचे ना?

मिस्त्री_कोल्हापूर

रात्रभर उभ्या गाडीवरच. शनिवारी संध्याकाळीच ये, गाडी आमच्या दारात मुक्कामाला ठेव. सकाळी सहाला उघडू. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) माझा आहे, तू मॅन्युअलमधलं माप लिहून आण. कोन सेट पोरगा बसवेल. जेवायला थांबायचं, हे आधीच सांगतो.